आईच्या बाजूचा रकाना

सगुणने मनाशी मांडलेला हिशेब असा होता. जाणार काय, तर बायकोची थोडीशी थुंकी. येणार काय, तर एकुलती एक मुलगी डॉक्टर. वर किरकोळीत देवळाच्या सभेत पुढच्या रांगेतली कदेल, म्हणजे मानाची खुर्ची, आणि चुलतभाऊ गोकुळदासचं तोंड कायमचं बंद. गोकुळदासचा मुलगा वास्कोच्या बंदरात इंजिनियर म्हणून चिकटल्यापासून मुळगावात कोणाला सुखाने चहा पिता येत नव्हता. कप तोंडाला लावला की "आमचा साईश म्हणत होता" सुरू. एवढ्या स्वस्तात एवढं मिळत असताना जो घेणार नाही तो वेडा, आणि सगुण वेडा नव्हता. सगळा जन्म त्याने डोझर चालवला होता. कुठे किती माती आहे आणि ती कुणाच्या हद्दीत ढकलायची, हे त्याला नुसतं बघून कळायचं.

सध्या ढकलायला मातीच नव्हती. खाणी बंद होऊन वर्ष झालं होतं. डोझर खाणीवरच्या शेडमध्ये आणि सगुण घरच्या सोप्यावर, दोघंही जागच्या जागी. रिकाम्या बसलेल्या माणसाला कल्पना सुचतात, आणि त्या निस्तरायला घरची माणसं लागतात.

सेजलने बारावीनंतर डॉक्टरकीची परीक्षा दिली होती आणि ती थोडक्यात राहिली होती. पुढच्या वर्षी परत बसते म्हणाली. सगुण गणपतीच्या चवथीच्या आदल्या आठवड्यात बस पकडून धारगळला गेला. तिथे त्याचा शाळेतला सोबती कृष्णनाथ राहायचा. मामलेदार कचेरीत हेडक्लार्क म्हणून मुदतीआधीच निवृत्त झालेला, आणि निवृत्त झाला तरी जगातल्या प्रत्येक अडचणीला एक फॉर्म असतो यावर अजून विश्वास ठेवणारा.

"किती मार्क कमी?" कृष्णनाथने विचारलं.

"चाळीस-पन्नास."

"अनुसूचित जमातीच्या जागेत बसली असती तर डोळे मिटून लागली असती. तिथे एवढे लागत नाहीत." कृष्णनाथ सहज बोलून गेला.

सगुणने बशीतला चहा परत कपात ओतला. "जमात बापाचीच बघतात?"

"बापाचीच. हल्ली आईचीही चालते म्हणतात. पण पुरावा लागतो, आणि पोर आईच्या माणसांत वाढलेलं लागतं. तुला कित्याक रे त्याच्या चौकश्या? तुझी बायको तर सिंधुदुर्गातली ना?"

कृष्णनाथचा चेहरा हे विचारताना अगदी सरळ होता. कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाचा चेहरा असाच होतो.

आता ताराचं सिंधुदुर्ग काय होतं, ते सांगायला हवं. सगुण चोवीस वर्षांचा असताना खाणीवरचं काम सोडून अरुणाचलात रस्त्याच्या कामावर गेला होता. तिथे डोंगर फोडून सीमेपर्यंत रस्ता नेत होते आणि डोझर चालवणाऱ्याला मान होता. पाच वर्षं तो तिथे होता. परत आला तेव्हा बरोबर एक बाई होती. गोरी, ठेंगणी, गालाची हाडं वर आलेली, डोळे बारीक. गोव्याला राज्याचा दर्जा मिळायला तेव्हा महिना-दीड महिना उरला होता, आणि डिचोली बाजारात लोक एकमेकांना राज्य कुणाचं आणि भाषा कुणाची यावरून गळ्याला येत होते. सगुणची आई पद्मावती हिला यांतल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. तिचा प्रश्न वेगळा होता.

"सून खंयची म्हणून कोणी विचारलं तर काय सांगू? आभाळातून पडली?"

"सांग ना, अरुणाचलातली."

"ते सांगायला मला ते आधी बोलता आलं पाहिजे." पद्मावती म्हणाली. "तिला माहेर आण. माहेर नसलेली सून मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही. चवथीला वझें कोण पाठवणार?"

वझें म्हणजे नव्या सुनेच्या माहेराहून चवथीला येणारी गोडाधोडाची टोपली. ती सगळ्या वाड्यासमोरून, म्हणजे अख्ख्या आळीसमोरून, वाजतगाजत येते, आणि ती आली नाही तर सगळा वाडा बघतो.

माहेर मिळालं खाणीवर. पांडुरंग नावाचा डंपरवाला तळकटचा, सिंधुदुर्गातला. त्याची बायको पार्वती. मूलबाळ नव्हतं. आईबाप नसलेल्या मुलीला एखादं जोडपं मांडवात मुलगी मानतं आणि कन्यादान करतं, ही रीत जुनीच आहे; सगुणने तिचा उपयोग आईबाप असलेल्या मुलीसाठी केला, एवढंच. पांडुरंगाने उदक सोडलं. ताटातल्या तांदळांत अंगठीने नाव लिहिलं, तारा. नवरीचं नाव बदलतातच, तेव्हा आधीचं काय होतं हे कुणी विचारलं नाही. आधीचं यामी होतं.

मग राज्य झालं आणि कागद सुरू झाले. रेशनचं कार्ड, मतदारयादी, रहिवासी दाखला. दर कागदावर सगुणने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: तारा, माहेर तळकट, आई पार्वती, वडील पांडुरंग. चार वर्षांनी शिरगणतीवाला आला. मायभाषेच्या रकान्यात मराठी लिहायचं की कोंकणी यावरून शेजारच्या दोन घरांत बोलणं बंद झालं होतं. सगुणने मराठी लिहायला सांगितलं. ज्या बाईची भाषा लिहीत होते ती आत पोळे भाजत होती. तिला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि खरं तर विचारलं असतं तर त्या माणसाला लिहिता आलं असतं की नाही कोण जाणे.

पण पार्वतीने हे माहेरपण नाटक म्हणून केलं नाही. चुकला तो सगळ्यांचा अंदाज इथेच. पहिल्या चवथीला तिने नेवऱ्यांची टोपली डोक्यावर घेऊन खाणीच्या चाळीपासून मुळगावपर्यंत चालत आणली, आणि पुढे वीस वर्षं एक चवथ चुकवली नाही. ताराला बोलायला शिकवलं ते तिने. त्यामुळे पूर्वेच्या डोंगरातली ही बाई डिचोली तालुक्यात अशी अस्सल मालवणी बोलायची की तळकटचे लोक कान टवकारत. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर सेजल पोटात आली, तेव्हा बाळंतपणाला पार्वती तिला तळकटला घेऊन गेली. कोणी बारीक डोळ्यांचं विचारलं तर पार्वती म्हणायची, "माझ्या आजीचे असेच हुते." पाच वर्षांमागे ती गेली. ताराने मुलीने धरायचं तीन दिवसांचं सुतक धरलं.

तर आता सगुण धारगळला कृष्णनाथच्या ओट्यावर बसला होता, आणि स्वतःच्या वळणदार अक्षरातले पंचवीस वर्षांचे कागद त्याच्या आड येत होते. कृष्णनाथने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. पुरावा.

"तुझी लेक सायली काय करते म्हणालास हैदराबादला?"

"कसलं तरी रक्ताबिक्ताचं," कृष्णनाथ अभिमानाने म्हणाला. "कोण कुठून आला ते सांगतात म्हणे. तिबेटी, ब्रह्मी धर्तीच्या भाषा बोलणारे आपले पूर्वेकडचे डोंगरी लोक असतात बघ, त्यांच्या बायकांच्या वंशाचा अभ्यास. आईची आई, तिची आई, असं मागे मागे. चवथीला येतेय ती."

सगुणच्या मनात डोझरचं पातं खाली आलं. कागद खोटे पाडायला रक्त पुरे होतं.

चवथ संपल्यावर तिसऱ्या दिवशी सायली मुळगावला आली. तिशीतली, चष्मेवाली, हातात छोटी पेटी. सगुणने तिला सोप्यावर बसवलं आणि ताराला हाक मारली. तारा पदराला हात पुसत बाहेर आली.

"काकी, नमुना कशासाठी घेतेय ते माहीत आहे ना तुम्हांला?" सायलीने विचारलं.

"साकर बघूक," तारा म्हणाली. "हेनी सांगितल्यानी."

सायलीने सगुणकडे बघितलं. सगुणने अंगणातल्या चिकूच्या झाडाकडे बघितलं.

"साखर नाही, काकी." सायलीने पेटी मिटून ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. आपल्या शरीरात एक बारीकसा अंश असतो जो फक्त आईकडून येतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या. मुलग्यांनाही मिळतो, पण ते पुढे देऊ शकत नाहीत. त्यावरून हजारो वर्षांमागे आपली आईकडची माणसं कुठल्या वाटेने आली त्याचा अंदाज येतो.

"म्हणजे त्यात बापाचं काहीच नाही?" सगुणने विचारलं.

"काही नाही, काका."

"मग बाप कशाला असतो?"

"कागद भरूक," तारा म्हणाली.

सायली हसली. सगुणही हसला, पण जरा उशिरा.

"सेजलेक उपेग होतलो ह्याचो?" ताराने विचारलं.

"काका म्हणतात होईल. मला खरं विचाराल तर नाही वाटत. तुमची इच्छा नसेल तर मी चहा पिऊन जाते."

ताराने पदराचं टोक कमरेला खोचलं. मग म्हणाली, "घे. पोरीसाठी हेचा मन तरी रवांदे." आणि नळीत थुंकली, तोंड बाजूला वळवून, कुणी बघू नये अशी.

फॉर्म भरायचा राहिला होता. सायलीने पेन काढलं. "आईचं नाव?"

"पार्वती."

"गाव?"

"तळकट."

"आईच्या आईचं नाव?"

"ता पार्वतीआयेक विचारूक व्हया हुता. ऱ्हवलाच."

"अगो, खरी आई सांग!" सगुण खेकसला. "ती खोटी कशाला?"

ताराने त्याच्याकडे मान वळवली. ती रागावली नव्हती. एखाद्याला घरचीच रीत समजावून सांगावी तसं बोलली. "तुमीच सांगितलात ना? खंयव कागद इलो तर ह्याच सांगूचा म्हणान."

"तेव्हाचं तेव्हा. आता खरं सांग."

"खरी खंयची? पंचवीस वर्सां झाली, एक चिट नाय तिची. तुमी कळवलात, मी बरी आसंय म्हणान. इलो जबाब? ती माका इसारली. पार्वतीआये नाय इसारली." आणि सायलीकडे वळून, "तूं पार्वतीच लिव गो बाय."

सायलीने काहीच लिहिलं नाही. आईच्या बाजूचा रकाना कोरा ठेवून तिने ताराची सही घेतली. सगुण उठून चिकूच्या झाडाखाली गेला आणि उगाच पानं उचलत राहिला. सायलीला वाटलं, बिचारा लाजला.

निकाल डिसेंबरात आला. सगुण पुन्हा धारगळला गेला, या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून. सायली सुट्टीवर आली होती. तिने कागदावर झाडासारखं काहीतरी काढून दाखवलं. खोड, फांद्या, फांदीला फांदी. ताराची आईकडची फांदी पूर्वेकडची होती यात शंका नव्हती. कोंकणात ती सापडतच नाही म्हटलं तरी चालेल. सगुणचा चेहरा उजळला.

"मग झालं तर! दे लिहून. अमुक जमातीची बाई, म्हणून."

"तेच तर देता येत नाही, काका. ही एकच फांदी तिथल्या वीस-पंचवीस जमातींत सापडते. ब्रह्मदेशात सापडते, चीनच्या डोंगरांत सापडते. ह्या जमातींना आज जी नावं आहेत ना, ती नावं पडायच्या कितीतरी आधी ही बाई होऊन गेली. बायका लग्न करून ह्या टोळीतून त्या टोळीत जात राहिल्या, त्यांच्याबरोबर हे गेलं. ह्यातून जमात कळत नाही, आणि गाव तर नाहीच नाही."

"मग गाव कशाने कळतं?"

"काकींना विचारून," सायली म्हणाली.

कृष्णनाथ खोकला. सगुणला गाव ठाऊकच होतं. गावाच्या खालच्या वळणावर त्याने सहा महिने डोझर चालवला होता. जमातीचं नाव मात्र त्याला त्या दिवशीही सांगता आलं नाही. कॅम्पातले लोक त्या माणसांना ज्या नावाने हाक मारत ते शिवीच्या जवळ जाणारं होतं. पाच वर्षं तो तेच वापरत होता. बायकोला कधी विचारलं नव्हतं की तुम्ही स्वतःला काय म्हणवता. गरज पडली नव्हती.

कृष्णनाथने मग हेडक्लार्कची वाट दाखवली. रक्ताच्या कागदाला कचेरीत कोणी कदेल देणार नाही. गावच्या मुखियाने लिहून द्यायला हवं की ही बाई आमची, हिची मुलगी आमची. त्याच्यावरून तिथला दाखला. सायलीच्या ओळखीचे एक प्राध्यापक त्या भागातल्या कॉलेजात होते. पत्र गावापर्यंत पोचवतो म्हणाले. सगुणने घरी येऊन हिंदीत पत्र लिहिलं. यामी माझी पत्नी, सुखात आहे, आमची मुलगी हुशार आहे, दाखला मिळाल्यास उपकार होतील. उत्तर सेजलच्या नंबरवर पाठवायला सायलीला सांगितलं, कारण त्याच्या स्वतःच्या फोनवर फोटो दिसत नसत. ताराला यातलं काही सांगितलं नाही. दाखला हातात आला की एकदम सांगू, असं त्याने ठरवलं होतं. चांगली बातमी सांगण्याची त्याची हीच पद्धत होती, वाईट न सांगण्याचीही.

उत्तर एप्रिलात आलं. तारा स्वयंपाकघरात चिंच फोडत बसली होती, सगुण जनेलाशी, खिडकीच्या उजेडात बसून पोदेराकडच्या पावाचा तुकडा चहात बुडवत होता. सेजल फोन घेऊन आत आली.

"पप्पा, सायलीताईने हे पाठवलंय. तुमच्यासाठी म्हणते. हिंदीत आहे. वाचू?"

सगुण "नको" म्हणायच्या आत तिने वाचायला सुरुवात केली होती.

गावच्या मुखियासाठी तिथल्या मास्तराने लिहिलेलं पत्र होतं. सरळ, थोडक्यात. यापीची मुलगी यामी मशीन चालवणाऱ्या परदेशी माणसाबरोबर गेली, हे गावाला आठवतं. यापीने तिला अडवलं नव्हतं. जिवंत आहेस एवढं कळव, इतकंच मागितलं होतं. कळलं नाही, म्हणून यापीने कॅम्पातून पत्ता काढून मास्तराकडून तीन पत्रं लिहवून घेतली. पहिलं, मग पुढच्या वर्षी दुसरं, मग दोन वर्षं सोडून तिसरं. तिन्ही परत आली. या नावाचं कोणी इथे राहत नाही, असा शिक्का घेऊन. तिसरं परत आल्यावर यापीने मुलगी मेली असं धरलं. गावाने यामीचं मरण पाळलं. तिच्या वाटणीचे मणी तिच्या बहिणीच्या मुलीला दिले. यापी आठ वर्षांमागे वारली. मेलेल्या बाईच्या नावाने दाखला लिहिण्याची आमच्यात रीत नाही. ती जिवंत असेल तर तिने यावं, तोंड दाखवावं, आम्ही जेवू घालू. इथलं पाणीही न प्यालेल्या मुलीला आमची म्हणून लिहून देणार नाही. पण ती आली तर तिलाही जेवू घालू.

सेजल शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली, कारण मध्ये थांबायचं तिला सुचलं नाही. मग तिने वर बघितलं.

आतापर्यंत सगुणच्या बाजूने बोलताना एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती चुकून राहिली असं नाही. सगुणने स्वतःलाही ती फार वेळा सांगितली नव्हती. पहिलं पत्र आलं तेव्हा राज्य होऊन वर्ष झालं होतं. पोस्टमन विठू गोकुळदासच्या दुकानासमोर उभा राहून मोठ्याने विचारत होता, "यामी कोण रे ही? केअर ऑफ तुझंच नाव आहे." दुकानात चारजण होते. सगुणने पाकीट हातातही घेतलं नाही. "आमच्याकडे अशी कोणी नाही. परत धाड." दुसरं आलं तेव्हा विठूने वाटेत गाठून हळू विचारलं, आणि सगुणने तेच सांगितलं. तिसऱ्याला विठूने विचारलंच नाही, परस्पर शिक्का मारला. घरी तारा महिन्यातून एकदा विचारायची, आयेक कळवलात? सुरुवातीला तो म्हणायचा, कळवलंय. नंतर म्हणायचा, कळवलंय म्हटलं ना. मग तिने विचारणं सोडलं.

ताराच्या हातातली चिंच तशीच होती. तिने ती फोडली, चिंचोका काढून वाटीत टाकला.

"तीन?" तिने विचारलं.

"तारा, त्या वेळी आई..."

"तीन काय?"

"तीन."

"आणि तुमी लिवलेली ती?"

सगुणने कपात बघितलं. पाव चहात विरघळून तळाशी गेला होता.

"लिवलीच नाय," तारा स्वतःशीच म्हणाली. आणखी एक चिंच फोडली. "मी म्हणी, इसारली. पोर झाला तेव्हा पण म्हणालंय, बघ, इसारली. पार्वतीआये सांगी, अगो राग धरू नको, आये ती आये. मी आयकलंय नाय."

सेजल खाली तिच्याजवळ बसली. "आई, आपण जाऊया. दोघी. ते बोलावतायत."

"कोणाक तोंड दाखवू?" तारा म्हणाली. तिने सुपातल्या सगळ्या चिंचा फोडून संपवल्या. मग उठली, हात धुतले, मागच्या खोलीत गेली आणि चटई घालून बसली. सेजलला म्हणाली, "देवाक आज तूं दिवो लाव. माका सुतक आसा."

सगुणने दुपारी जाऊन भटजींना विचारलं. त्याला वाटलं, विचारून आलो तर निदान काहीतरी केल्यासारखं होईल. भटजी म्हणाले, लग्न झालेल्या मुलीला आईचं तीन दिवस. पण बातमी वर्ष उलटल्यावर कळली तर सुतक नाही, नुसतं स्नान केलं की शुद्ध. त्याने घरी येऊन दारातून ते सांगितलं.

"आंघोळ तर मी रोजच करतंय," तारा म्हणाली, आणि तीन दिवस तिथून उठली नाही.

दुसऱ्या दिवशी गोकुळदास देवळाची वर्गणी मागायला आला. सगुणने त्याला अंगणातच थांबवलं. "आत येऊ नको. सुतक आहे."

"कोणाचं रे?"

"सासू वारली."

"पार्वतीबाई? ती जाऊन पाच वर्षं झाली. मी स्वतः स्मशानात होतो."

"दुसरी."

गोकुळदासने पावतीपुस्तक खिशात घातलं. "डोंगरातली?" त्याने हळू विचारलं.

सगुण त्याच्याकडे बघतच राहिला. "तुला ठाऊक होतं?"

"मुळगावात कोणाला ठाऊक नव्हतं, मेल्या? विठूने ते पाकीट माझ्या दुकानासमोर वाचलेलं. तुझी आई सगळ्यांना सांगायची, सून हिमालयापलीकडची आहे पण सोलकढी करावी तर तिने."

"मग पंचवीस वर्षांत कोणी एक शब्द बोललं नाही?"

"तू लपवत होतास ना?" गोकुळदास म्हणाला. "इतक्या मेहनतीने लपवत होतास, आम्ही कशाला मध्ये पडा? म्हटलं, काहीतरी मोठं कारण असेल."

सगुणला कारण आठवून पाहावं लागलं. दुकानात चारजण होते, हेच.

तेव्हा शेवटची बेरीज अशी. सेजल दुसऱ्या खेपेलाही राहिली आणि फार्मसीला गेली. तिने वर्षभरात त्याबद्दल कोणाला दोष दिला नाही. सायलीच्या वहीत एक नमुना अपुऱ्या माहितीमुळे बाजूला पडला, तसे पडतात. कृष्णनाथचं काही गेलं नाही. पद्मावती आपल्या हयातीत सुनेच्या हातचं खाऊन, तिच्या माहेरचं वझें वाड्याला दाखवून, समाधानाने गेली होती. गावाने तर एक पैचा त्रास घेतला नव्हता. सगुणच्या घरात अजून वेळेवर चहा येतो, आणि तारा त्याच्याशी बोलते, विचारलं तेवढं. भरलं ते दोन बायकांनी. एकीने जिवंत मुलीचं मरण पाळलं आणि त्यातच मेली. दुसरी आता सकाळी चूल पेटवताना कधी कधी थांबते, आणि जिच्यावर पंचवीस वर्षं रुसून काढली त्या आईचा चेहरा आठवायचा प्रयत्न करते. तो येत नाही. येतो तो पार्वतीचा.